गोरोबाकाकांचं थापटणं आणि छातीतली शाळा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आज एका शब्दापासून सुरुवात करतो. शब्द आहे 'यौवनलोपी'. ऐकताना एखाद्या जुन्या नाटकातल्या नायिकेचं विशेषण वाटावं, पण आहे तो वैद्यकातला. आपल्या छातीच्या मधल्या हाडामागे, काळजाच्या वरच्या अंगाला, दोन पाळ्यांची एक मऊ ग्रंथी असते. इंग्रजीत तिला थायमस म्हणतात. आमच्या मराठी परिभाषाकारांनी तिला नाव दिलं यौवनलोपी ग्रंथी. तान्ह्या बाळात ती चांगली भरलेली असते. तारुण्य आलं की ओसरू लागते, आणि म्हातारपणी तिच्या जागी बहुतेक चरबीच उरते. यौवनात लोपते ती यौवनलोपी. ज्या कुणाला हा शब्द सुचला त्याला माझा सलाम.

मी मराठी विषय घेऊन बी. ए. झालेला माणूस. कविता लिहितो. विज्ञानाशी माझी सोयरीक शाळेपुरतीच. पण या ग्रंथीचा इतिहास वाचत गेलो, तेव्हा तो मला आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या एका जुन्या कथेसारखा वाटायला लागला. ती कथा पुढे सांगतो. आधी इतिहास.

ही ग्रंथी माणसाला ठाऊक आहे ती फार जुन्या काळापासून. दुसऱ्या शतकातल्या गॅलेन या वैद्यानं लिहून ठेवलं होतं की ही वस्तू कोवळ्या जनावरात मोठी असते आणि वय वाढलं की लहान होते. थायमस हे नाव का पडलं यावर दोन मतं आहेत. कुणी म्हणतं, तिचा आकार थाइम नावाच्या सुवासिक वनस्पतीसारखा दिसतो म्हणून. कुणी म्हणतं, ग्रीक भाषेत 'थुमोस' म्हणजे प्राण, जोश. काळजाजवळ आहे म्हणून प्राणाचं घर. नाव मोठं, पण काम काय ते कुणालाच सांगता येईना. दीड हजार वर्षांहून अधिक काळ ती अशीच बिनकामाची म्हणून पडून राहिली.

बिनकामाची म्हटली असती तरी चाललं असतं. पण एकोणिसाव्या शतकात तिच्यावर आळ आला. रात्री नीट झोपलेलं बाळ सकाळी मेलेलं आढळायचं. डॉक्टर छाती उघडून पाहायचे, तर ही ग्रंथी त्यांना फार मोठी दिसायची. हिनंच श्वासनळी दाबली, असा निष्कर्ष निघाला. १८८९ मध्ये व्हिएन्नाच्या पाल्टाउफ यांनी मोठी ग्रंथी हेच रोगाचं लक्षण मानणाऱ्या समजुतीला एक भारदस्त लॅटिन नावही देऊन टाकलं. मग १९०७ पासून अमेरिकेत निरोगी बाळांच्या गळ्याखाली क्ष-किरण सोडून ही ग्रंथी आटवण्याचे उपचार सुरू झाले. ते कित्येक दशकं चालले. हजारो मुलांना हे किरण दिले गेले. आणि १९५० च्या सुमारास ध्यानात आलं की त्यातल्या बऱ्याच मुलांना पुढे गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचा कर्करोग होतो आहे.

चूक कुठे झाली होती? ती समजली तेव्हा मी वाचता वाचता पुस्तक मिटून ठेवलं. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना चिरफाडीसाठी जी प्रेतं मिळायची ती बहुतेक गरिबांची असायची. इंग्लंडात तर १८३२ च्या कायद्यानं गरीबखान्यात आणि इस्पितळात मेलेल्या बेवारशांचे देह त्यासाठी खुले केले होते. ही माणसं, ही मुलं, महिनोन् महिने उपाशी राहून, आजारात झिजून मेलेली. उपासमारीत आणि आजारपणात सगळ्यात आधी आटते ती हीच ग्रंथी. म्हणजे डॉक्टर ज्याला 'नेहमीचा आकार' समजत होते तो भुकेनं आटलेला आकार होता. धडधाकट बाळ अचानक गेलं की त्याची ग्रंथी जशी असायला हवी तशीच भरलेली असायची, आणि तिलाच रोग ठरवलं गेलं. गरिबाची भूक हे माप मानलं आणि त्या मापानं खात्यापित्या लेकराला आजारी ठरवलं. विज्ञानाच्या इतिहासात असला उफराटा हिशेब क्वचितच सापडेल.

आता १९६१ साली येऊ. जॅक मिलर नावाचा तिशीतला डॉक्टर. जन्म १९३१ चा, फ्रान्समधल्या नीस शहरातला. बालपण शांघायमध्ये गेलं, आणि युद्धाच्या काळात कुटुंब ऑस्ट्रेलियाला गेलं. त्याची मोठी बहीण क्षयानं कोवळ्या वयात गेली. शरीर रोगाशी कसं लढतं हे डॉक्टरांनाही माहीत नाही, हे त्या घरानं तेव्हा ऐकलं होतं, आणि तो प्रश्न या मुलाच्या मनात घर करून बसला. पुढे लंडनच्या एका कर्करोग संस्थेत तो उंदरांच्या रक्ताच्या कर्करोगावर काम करू लागला. जागा कसली, तर शहराबाहेरच्या एका जुन्या तबेल्यात थाटलेली प्रयोगशाळा. तिथं त्यानं नुकत्या जन्मलेल्या उंदरांच्या पिलांची थायमस ग्रंथी काढून टाकली. मोठ्या उंदराची काढली तर फारसं काही बिघडत नाही, हे आधीच ठाऊक होतं. पण ही पिलं आईचं दूध सुटलं तशी वाळत गेली, साध्या रोगांनी मेली. त्यांच्या रक्तात एका जातीच्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नव्हत्याच. आणखी नवल म्हणजे दुसऱ्या वंशाच्या उंदराची कातडी त्यांच्या अंगावर लावली तर ती तशीच रुजली, तिच्यावर परक्या रंगाचे केस उगवले. आपलं कोण आणि परकं कोण, हे ओळखणंच ती पिलं शिकली नव्हती.

मिलर यांनी १९६१ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात हे मांडलं. विश्वास पटकन कुणी ठेवला नाही. नोबेल मिळवलेल्या पीटर मेडावार यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञानंही, या ग्रंथीत त्या पेशी असणं हा उत्क्रांतीतला एक बिनमहत्त्वाचा अपघात असावा, अशा अर्थाचं मत दिलं. पण तबेल्यातला प्रयोग खरा निघाला. थायमसमध्ये तयार होतात म्हणून त्या पेशींना पुढे टी पेशी हे नाव मिळालं. माणसाच्या मोठ्या अवयवांपैकी ज्याचं काम सर्वांत शेवटी कळलं तो हा अवयव.

तर ही ग्रंथी म्हणजे शाळा. शिक्षण कसलं, आणि देतं कोण? इथं मला आमच्या मुलखातली ती कथा आठवते.

हिंगोली जिल्ह्यातलं नर्सी हे संत नामदेवांचं गाव. जिल्ह्यातच औंढा नागनाथ. कथा आपल्या सगळ्यांच्या ऐकण्यातली आहे. संतमंडळी जमली होती. गोरोबाकाका जातीचे कुंभार. मुक्ताबाई म्हणाली, काका, तुम्ही मडकी पारखता, तशी इथली मडकी पारखून सांगा. काकांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर हलकेच मारत गेले. सगळे गप्प बसले. नामदेव मात्र रागावले, कुरकुरले. काका म्हणाले, एवढं मडकं कच्चं आहे. मग नामदेव औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले आणि पक्के होऊन आले. ही कथा मी लहानपणी आमच्या गल्लीतल्या एका कुंभाराच्या आजीकडून ऐकली. ती पुढे आणखी एक गोष्ट सांगायची, जी पोथीत नाही: "लेकरा, कच्चं मडकं पाण्यात विरघळतं, पण जास्त भाजलेलंही कामाचं नाही, ते तडकतं. मधलं वाजतं ते खरं."

यौवनलोपी ग्रंथीत चालतं ते नेमकं हेच. फक्त तिथलं थापटणं लाकडाचं नसून प्रथिनांचं असतं. पेशींच्या अंगावर आणि आसपास असलेली काही प्रथिनं एकमेकांना भिडतात आणि निरोप आत जातो. निरोप देणाऱ्या या प्रथिनांवरच पेशीचं सगळं भवितव्य ठरतं.

पहिला निरोप शाळेच्या दारातच मिळतो. आपल्या हाडांच्या मगजात रक्तपेशी जन्माला येतात. त्यांतल्या काही कोवळ्या पेशी रक्तातून वाहत थायमसपर्यंत येतात. तेव्हा त्यांचं काहीच ठरलेलं नसतं. ग्रंथीच्या भिंतीतल्या पेशी त्यांना स्पर्श करतात, आणि कोवळ्या पेशीच्या अंगावरचं 'नॉच' नावाचं प्रथिन जागं होतं. नॉच म्हणजे खाच. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात केळ्यावर घोंगावणाऱ्या चिलटांवर अमेरिकेत प्रयोग चालले होते. काही चिलटांच्या पंखाच्या कडेला खाच दिसली, ती ज्या दोषामुळे पडते त्याला हे नाव मिळालं. चिलटाच्या पंखाला आकार देणारं प्रथिनच माणसाच्या छातीत पेशी घडवतं! त्याची रीतही और आहे. निरोप मिळाला की नॉचचा आतला भाग तुटतो आणि स्वतःच पेशीच्या गाभ्यात जाऊन सांगतो, तुला टी पेशी व्हायचं आहे. जासूद आणि पत्र एकच. १९९९ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की नॉच नसेल तर त्या पेशी वाट सोडून बी पेशी नावाच्या दुसऱ्याच जातीच्या होतात. २००२ मध्ये कॅनडातल्या टोरांटोच्या शास्त्रज्ञांनी उलट करून दाखवलं. काचेच्या बशीत, थायमसशिवाय, नुसता नॉचचा निरोप देऊन त्यांनी टी पेशी वाढवल्या.

दुसरा निरोप अन्नछत्रासारखा. इंटरल्यूकिन-७ नावाचं एक प्रथिन त्या पेशींना जगवतं, वाढवतं. ते पकडायला पेशीच्या अंगावर दोन तुकड्यांची एक कडी असते. या कडीची गोष्ट पुढे पुन्हा येईल, म्हणून लक्षात ठेवा.

मग प्रत्येक पेशी आपापला हात बनवते, ज्यानं ती पुढे शत्रू ओळखणार. त्यासाठी ती आपल्याच जनुकांचे तुकडे कापते आणि हवे तसे जोडते. करोडो पेशी, करोडो तऱ्हेचे हात. हे सगळं जुगारासारखं, नशिबावर सोडलेलं. त्यामुळे कुणाचा हात निकामी निघतो, कुणाचा घरच्यांच्याच गळ्यावर पडतो. म्हणून परीक्षा.

ग्रंथीतल्या पेशी आपल्या शरीराच्या प्रथिनांचे लहान तुकडे एका तबकात धरून समोर करतात. नवी पेशी त्या तबकाला हात लावून पाहते. अजिबात काही जाणवलं नाही, तर तिला निरोपच मिळत नाही आणि ती मरते. हे कच्चं मडकं. फार जोरात पकडलं, तर आत जाणारा निरोप फार तीव्र होतो आणि तोच तिला मारतो, कारण ती बाहेर गेली तर आपल्याच शरीरावर हल्ला करील. हे जास्त भाजलेलं मडकं. हलकेच लागलं, ओळख पटली पण पकड बसली नाही, तीच पुढच्या वर्गात जाते. आत 'लॅक' आणि 'झॅप-७०' नावाची प्रथिनं तारेसारखी काम करतात. धक्का किती बसला हे ती मोजतात आणि गाभ्याला कळवतात. शंभर पेशी परीक्षेला बसल्या तर जेमतेम दोन-चार बाहेर पडतात. बाकीच्या तिथंच संपतात, आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. टी पेशी हे तबक पाहूनच शत्रू ओळखते, हे ऑस्ट्रेलियात १९७४ मध्ये झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी दाखवलं. त्यासाठी त्यांना १९९६ चं नोबेल मिळालं.

इथं एक शंका तुम्हाला येईल. थायमस तर छातीत. तिथं स्वादुपिंडाचं, डोळ्याचं, यकृताचं प्रथिन येणार कुठून? ते पाहिल्याशिवाय पेशीला कळणार कसं की हेही आपलेच? त्याचं उत्तर १९९७ मध्ये सापडलेल्या 'आयर' नावाच्या जनुकात होतं. ते काम कसं करतं हे २००२ मध्ये उलगडलं. या जनुकाच्या जोरावर थायमसमधल्या काही पेशी अंगभरच्या अवयवांची प्रथिनं थोडी थोडी स्वतःच तयार करून मांडतात. आमच्या हिंगोलीच्या दसऱ्यात रामलीला मैदानावर प्रदर्शन भरतं, एका मैदानात सगळ्या मुलखाचा माल. तसंच हे. एका लहानशा ग्रंथीत सबंध शरीराचं प्रदर्शन, आणि ते कशासाठी, तर बाहेर पडणाऱ्या पोरांनी आपल्या माणसांवर हात उगारू नये म्हणून.

इतकं करूनही काही चुकार पेशी निसटतात. त्यांना आवरणाऱ्या वेगळ्या टी पेशीही याच शाळेत तयार होतात. १९६९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी तीन दिवसांच्या उंदरांची थायमस काढली, तर त्यांच्या शरीरानं स्वतःचेच अवयव नासवले. हा धागा शिमोन साकागुची यांनी वर्षानुवर्षं धरून ठेवला आणि १९९५ मध्ये त्या शांत करणाऱ्या पेशी दाखवून दिल्या. त्यांना घडवणारं जनुक अमेरिकेत मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये शोधलं. २०२५ चं वैद्यकाचं नोबेल या तिघांना मिळालं. ज्या ग्रंथीला अपघात म्हटलं गेलं होतं तिची ही वाटचाल.

हे सारं लंडन, टोरांटो, जपानचं झालं. आपल्याकडे काय? आपल्याकडची गोष्ट मुंबईत परळला आहे, आणि ती घराघरांना भिडणारी आहे.

परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात रक्तशास्त्राची एक राष्ट्रीय संस्था आहे. तिची सुरुवात १९५७ मध्ये रक्तगटांचं संदर्भकेंद्र म्हणून झाली. त्याआधी १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत एक दुर्मीळ रक्तगट शोधला होता, जगभर तो 'बॉम्बे रक्तगट' म्हणून ओळखला जातो. त्याच परंपरेतली ही संस्था. आज तिथं अशा बाळांची तपासणी होते, ज्यांच्या शरीरात टी पेशी बनतच नाहीत. छातीत शाळा आहे पण एखादा निरोपच हरवलेला. डॉ. मनीषा मडकईकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये भारतातल्या अशा ५७ बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशा बाळाला जन्मल्यावर काही आठवडे बरं असतं. आईकडून आलेलं संरक्षण पुरतं तोवर ठीक. मग जुलाब, न्यूमोनिया, तोंडात पांढरी बुरशी, वजन वाढत नाही. क्षयाविरुद्ध जन्मतःच टोचतात ती बीसीजीची लस, जी सगळ्या बाळांना वाचवते, ती जिवंत जंतूंची असल्यामुळे याच बाळांच्या अंगभर पसरते.

आता मघाची कडी आठवा, इंटरल्यूकिन-७ पकडणारी. तिचा एक तुकडा बनवणारं जनुक क्ष गुणसूत्रावर असतं. त्यात दोष असेल तर आईला काही होत नाही, कारण तिच्याकडे दुसरं क्ष गुणसूत्र असतं. मुलींनाही सहसा काही होत नाही. मुलगे मात्र दगावतात. अमेरिकेत १९७१ मध्ये जन्मलेला डेव्हिड व्हेटर हा मुलगा याच दोषामुळे बारा वर्षं प्लास्टिकच्या निर्जंतुक तंबूत जगला आणि १९८४ मध्ये गेला. कारण असलेलं जनुक १९९३ मध्ये सापडलं.

मी हे वाचलं तेव्हा मला आमच्या नात्यातली एक खाला आठवली. तिचे दोन मुलगे वर्षाच्या आत गेले, मुलगी जगली. पहिल्या वेळी लोकांनी नजर लागली म्हटलं. दुसऱ्या वेळी तिलाच म्हटलं, हिच्या कुशीत मुलगा टिकत नाही. सासरी तिला माणसांत बसू देईनात. मुलांना कुठं तपासलं नव्हतं, तेव्हा त्यांच्या आजाराला मी आज नाव देणार नाही. पण त्या बाईला जे नाव दिलं गेलं ते खोटं होतं, एवढं नक्की. छातीतल्या एका प्रथिनाची कडी जुळत नसेल, तर त्यात कुठल्या बाईचा पायगुण आणि कुठली नजर?

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. या आजाराचे इतर प्रकार असे आहेत की आई आणि बाप दोघांकडूनही तोच दोष आला तरच बाळाला होतात. नात्यात लग्नं झाली की ती शक्यता वाढते. आमच्याकडे चुलत-मावस भावंडांत निकाह होतात, आमच्या शेजारच्या घरांत मामाची मुलगी हक्काची मानतात. मराठवाड्यात हे दोन्हीकडे आहे, तेव्हा कुणी कुणाकडे बोट दाखवू नये. ज्या घरात एखादं बाळ वर्षाच्या आत असं गेलं असेल, तिथं पुढच्या बाळंतपणाच्या वेळी डॉक्टरांना ते आधी सांगावं. मग जिवंत जंतूंच्या लसी तपासणी होईपर्यंत थांबवता येतात. बाकीच्या सगळ्या बाळांना मात्र सगळ्या लसी वेळेवर द्यायच्याच, त्यात कसूर नको. आणि हा आजार असाध्यही राहिलेला नाही. १९६८ मध्ये अमेरिकेत अस्थिमज्जा रोपणानं असं पहिलं बाळ वाचलं. पहिल्या साडेतीन महिन्यांत रोपण झालं तर दहापैकी नऊहून अधिक बाळं जगतात. ओळख लवकर पटणं हाच सगळा खेळ. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावरून ती पटवता येते. टी पेशी आपला हात घडवताना जनुकाचे जे तुकडे कापून टाकते, त्यांची लहान वर्तुळं पेशीत पडून राहतात. ती वर्तुळं रक्तात दिसली नाहीत, तर समजावं शाळा भरलेलीच नाही. शिंप्याच्या दुकानात खाली चिंध्या पडलेल्या नसतील तर कपडे शिवले गेले नाहीत, तसंच. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात २००८ पासून प्रत्येक बाळाची ही तपासणी सुरू झाली.

निरोप हरवला तर हे होतं. निरोप थांबेनासा झाला तर? २००४ मध्ये कळलं की टी पेशींच्या एका रक्तकर्करोगात निम्म्याहून अधिक रुग्णांत नॉचचं प्रथिन बिघडून सारखं 'वाढ, वाढ' म्हणत राहतं. नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था आहे. तिच्या एके काळच्या संचालक डॉ. शुभदा चिपळूणकर यांनी टी पेशी आणि नॉच यांच्यावर बरंच काम केलं आहे. आणि पवईच्या आयआयटीनं टाटा स्मारक केंद्राच्या साथीनं तर या शाळेतल्या पोरांना नवं हत्यारच दिलं. रुग्णाच्याच टी पेशी काढायच्या, त्यांना कर्करोगाच्या पेशी ओळखणारा नवा हात बसवायचा आणि परत शरीरात सोडायच्या. बाहेरचा हात नवा, पण आत निरोप नेणारी तार तीच, जी थायमसमध्ये परीक्षेच्या वेळी वापरली जाते. या उपचाराला भारतात ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत त्याचं लोकार्पण झालं.

पण मुंबईचा रस्ता आमच्या खेड्यातून लांबचा आहे. आमच्या खेड्याशी या ग्रंथीचा संबंध आहे तो भुकेचा.

बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा मी जेमतेम वर्ष-दीड वर्षाचा. अम्मी सांगायची, अब्बा आणि ती खडी फोडायला जायचे, मला झाडाखाली चिंध्यांवर निजवायचे. बाहेरून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळायची, आणि कामावर सुकडी वाटायचे. ती सुकडी आधी पोरांच्या तोंडात जायची. शिकलेले लोक नंतर तिला नावं ठेवायचे. मला आता कळतं की ती मूठभर सुकडी आमच्या छातीतल्या कुठल्या दारावर पोचत होती.

कारण भुकेलाही तिचा निरोप असतो. आपल्या चरबीतून लेप्टिन नावाचं प्रथिन रक्तात येतं. १९९४ मध्ये ते सापडलं. पोटाला मिळत असेल तर लेप्टिन भरपूर, उपास घडला की ते झपाट्यानं उतरतं. त्याच वेळी ताणाचं संप्रेरक वाढतं. हे दोन निरोप थायमसपर्यंत पोचतात आणि परीक्षेला बसलेल्या कोवळ्या पेशी झुंडीनं मरायला लागतात. उपाशी उंदरांना नुसतं लेप्टिन दिलं तर त्यांची थायमस आटत नाही, हे प्रयोगात दिसलं आहे. शरीर हिशेबी आहे. घरात दाणा नसला की ते आधी शाळेचा खर्च बंद करतं. आपणही तेच करतो की! दुष्काळात कितीक पोरांची शाळा सुटली, विशेषतः मुलींची. पण ही शाळा बालपणीच जोरात चालते. कुपोषित मूल पुन्हा अंगावर मांस धरतं, तराजूत बरं दिसतं, तरी आत आटलेली ग्रंथी भरून यायला त्याहून जास्त दिवस लागतात. म्हणून वजन आलं की संपलं, असं नाही. त्याचं खाणं त्यानंतरही काही महिने चालू राहायला हवं.

आणि मोठेपणी ही ग्रंथी निरुपयोगी होते, हा समजही आता ढिला पडला आहे. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात छातीच्या शस्त्रक्रियेत थायमस काढलेल्या प्रौढांची तुलना ती न काढलेल्यांशी केली. पाच वर्षांत पहिल्या गटातले ८.१ टक्के वारले, दुसऱ्या गटातले २.८ टक्के. लोपली म्हणतो ती पुरती लोपत नाही.

थायमसच्या इतिहासातून मी माझ्यापुरतं एवढं घेतलं. भुकेनं आटलेल्या गरिबाच्या देहाला एकदा जगानं माप मानलं, आणि त्यात लेकरांचे बळी गेले. अजूनही आपल्या अंगणवाडीत किरकोळ मूल दिसलं की आपण म्हणतो, "आमच्या घरात सगळे असेच बारीक." तेच जुनं माप. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात अंगणवाडीची योजना सुरू झाली. तिथला तो तराजू, नवव्या महिन्यातली गोवराची लस, सेविकाताईनं मांडलेलं ते वाढीचं तक्ताचित्र, हे सगळं आपण सरकारी उपचार म्हणून बघतो. पुढच्या वेळी तुमच्या लेकराला, नातवाला त्या तराजूत बसवाल तेव्हा काटा नीट वाचा. तो मागे गेलेला असेल तर त्याच दिवशी सेविकाताईला विचारा, आणि ती जे देईल ते घरी नेऊन दुसऱ्या कुणाच्या नव्हे, त्याच लेकराच्या तोंडात घाला.